बुधवारचा बायकांचा खेळ

एका रविवारी आम्ही अकोल्यात सिनेमा पाहिला. घरी येताना मी यजमानांना विचारलं की शेवटी आई मुलाला काय म्हणाली, कारण बायकांच्या बाजूला एक मूल रडत होतं आणि मला ते वाक्य ऐकू आलं नव्हतं. ते म्हणाले, ती काही म्हणाली नाही. मी म्हटलं, तिचे ओठ हलत होते. ते थांबले. मग म्हणाले, "मला दिवाळीपासून ऐकू येत नाही."

मी आधी हसले. घरात आम्ही दोघंच, आणि मला कळू नये हे कसं शक्य होतं? पण रस्ताभर मी मागचे दिवस आठवत गेले आणि हसू थांबलं. दिवाळीपासून ते माझ्याकडे तोंड करून बोलायला लागले होते. स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उठून दारात येत आणि मग "काय?" म्हणत. लग्नाला चार वर्षं झाल्यावर नवरा आपल्या तोंडाकडे इतकं निरखून पाहतो याचा मला आनंद वाटला होता. मुदतीच्या तापातून उठल्यावर हे सुरू झालं, असं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग चिमण्या गेल्या. माणसांचा आवाज येतो, पण त्यातले शब्द येत नाहीत. सिनेमात आमच्याकडे बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसत, मध्ये लाकडी कठडा असे. त्यामुळे पडद्यासमोर ते कसे बसतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

ते तारघरात होते. तिथलं काम म्हणजे ऐकण्याचंच काम. टेबलावरचं पितळी यंत्र खटखट वाजायचं, ती खटखट कानांनी ऐकायची आणि हातांनी त्याची अक्षरं करायची. कापसाच्या हंगामात रुईच्या भावाच्या तारा दिवसभर चालत. मी विचारलं, मग तार कशी घेता? त्यांनी डाव्या हाताचं बोट आमच्या जेवणाच्या पाटावर ठेवलं आणि उजव्या हाताने पाटाच्या दुसऱ्या टोकावर टिचक्या मारून दाखवल्या. यंत्राच्या लाकडी चौकटीवर ते बोट ठेवत आणि ठोके बोटात घेत. बाजूचा माणूस समजे की बाबूला यंत्रावर हात टेकून बसायची सवय आहे.

बहिऱ्या माणसाला तारेवर ठेवत नाहीत, हा नियम मलाही ठाऊक होता. माहेरी जातो असं सांगून आम्ही अमरावतीला गेलो आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवलं, म्हणजे अकोल्यात कोणाला कळणार नाही. यावर उपाय नाही, असं डॉक्टर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले. मी ते यांना सांगण्याआधीच यांना समजलं होतं, कारण हे डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत होते. परतीच्या गाडीत, हंगाम संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही, एवढंच आमचं ठरलं. पुढचं पुढे.

यंत्र बोटाने घेता येत होतं. माणसांचं काय करायचं हा प्रश्न होता. तारघरातल्या चार-पाच जणांचा एक रिवाज होता. नव्या सिनेमाची पहिली गर्दी ओसरली की रविवारी संध्याकाळचा खेळ सगळ्यांनी मिळून पाहायचा आणि नंतर हॉटेलात चहा घेत त्यावर भांडायचं. सोमवारी तेच भांडण तारघरात पुढे चाले. या मंडळीत यांचा शब्द वजनदार होता. एकदा पाहिलेल्या सिनेमातलं आख्खं संभाषण ते जसंच्या तसं म्हणून दाखवत, आवाजाच्या चढउतारासकट. थोरले तारबाबू म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, ते म्हणत की या बाबूला पडद्यामागे उभं करा, मशीन बिघडलं तरी खेळ थांबणार नाही. असा माणूस एकाएकी सिनेमाला यायचा थांबला, किंवा आला आणि गप्प बसला, तर लोक कारण शोधणारच.

म्हणून बुधवारी मी जायला लागले. त्यांनी मला तसं सांगितलं नव्हतं. आमच्या टॉकीजमध्ये बुधवारी दुपारचा खेळ बायकांसाठी राखून ठेवलेला असे. कडेवर पोरं, पदरात भुईमुगाच्या शेंगा आणि बोरं घेऊन बायका येत. पायांतल्या वहाणा खुर्चीखाली सरकवून मांडी घालून बसत आणि पडद्यावरच्या माणसांना घरच्यासारखं बोलत. नवऱ्याने बायकोला घराबाहेर काढलं की मागून कोणीतरी त्याला शिव्या घाले. मी आजवर तिथे मजेत जात आले होते. आता मात्र ते कामच झालं होतं. कुठे हशा झाला, कोणत्या वाक्यावर झाला, ते वाक्य नेमकं काय होतं, सगळं लक्षात ठेवायचं होतं, आणि प्रत्येक मोक्याच्या जागी एखादं पोर रडायचं. मी शेजारच्या घरातल्या बाईंना सारखी विचारायची, काय म्हणाला तो? त्या एकदा वैतागल्या.

"अवं बाई, परीक्षा द्याची हाये का तुले याची? लेकरू रडून रायलं इथं, अन् तुले त्याच्या बोलन्याची पडली."

परीक्षाच होती, पण ती त्यांना कशी सांगू?

दिवेलागण झाली की आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसत असू. कंदील माझ्या तोंडासमोर. मोठ्याने सांगावं तर त्या शेजारणीच्या आणि आमच्या घरात एकच कुडाची भिंत, म्हणून मी आवाजच काढत नसे. नुसते ओठ हलवून सगळा सिनेमा सांगायचा. ते माझ्या ओठांवरून वाचत, अडलं तर हात वर करत, मी पुन्हा सांगे. मला पुस्तकं वाचायची सवय, बोलायची फारशी नाही. नाटकी हावभाव तर कधीच जमले नव्हते. त्या दिवसांत मी खलनायक झाले, विनोदी नोकर झाले, क्षयाने मरणारी बहीण झाले, आणि तेही गप्प बसून.

सिनेमाविषयी माझी जी काही मतं आहेत ती या सांगण्यात बदलली. आधी मी सामाजिक सिनेमाची भक्त होते. त्यात कादंबरीसारखी माणसं असतात, घरात घडतं तसं घडतं, असं मला वाटे. पण सांगायला बसल्यावर ध्यानात आलं की त्यांतल्या बहुतेकांत काही घडतच नाही, फक्त बोलणं घडतं. विधवा आई त्यागावर बोलते, वकील झालेला मुलगा कर्तव्यावर बोलतो, नायिका जिन्याच्या कठड्याला धरून नशिबावर बोलते. रडताना मला ते खरं वाटलं होतं. ओठांनी सांगताना त्याच आईचा मला कंटाळा यायचा. तिला एकदा तरी थकून जमिनीवर बसू द्यावं, असं कुणा दिग्दर्शकाला का वाटत नाही?

मारधाडीच्या सिनेमांना मी पूर्वी नाक मुरडत असे. बुरखा घातलेली स्त्री धावत्या घोड्यावरून उडी मारते, एकटा नायक दहा गुंडांना लोळवतो, या गोष्टी मला पोरकट वाटत. आता जाहिरातीच्या गाडीवर घोडा दिसला की मला हायसं वाटे. तो सिनेमा सांगावाच लागत नसे. त्यात डोळ्यांना न दिसणारं काही नव्हतं, आणि याला मी आता दोष म्हणत नाही. पौराणिकाचंही तेच. ढग रंगवलेले, देवांचे मुकुट कागदाचे, नारद तारेवरून खाली उतरताना हेलकावतो. पण कथा लहानपणापासून पाठ असल्यामुळे हे निर्धास्त बसत. त्या सिनेमाला बायका नारळ घेऊन येत, पडद्याकडे पैसे फेकत. मला त्यांचं हसू यायचं. पुढे मीच एकदा हात जोडले, देवाला नव्हे, सिनेमाला.

रहस्यपट सांगणं अवघड असे, कारण खुनी कोण हे आधी कळलेल्या माणसाने दचकायचं कसं? त्यावर माझं मत आजही वाईट आहे. धुकं, जुनी हवेली, पांढरी साडी नेसून गाणारी बाई, आणि शेवटी सगळा खुलासा एका दमात बोलून टाकणारा इन्स्पेक्टर. ज्या गोष्टीचा उलगडा कोणीतरी उभं राहून सांगावा लागतो ती गोष्ट नीट रचलेली नसते. तमाशाचे मराठी सिनेमे मला आवडत, पण सांगता येत नसत. त्यांतली मजा सवाल-जवाबात, आणि ते मी नवऱ्यासमोर ओठांनी म्हणायला लाजत असे. हे माझ्या लाजण्याला हसत आणि तेवढं हॉटेलात पुरे होई.

सगळ्यांत भीती विनोदी सिनेमाची. रडण्याच्या जागी माणूस उशिरा रडला तर कोणी पाहत नाही. हसण्याच्या जागी एक क्षण उशीर झाला की शेजारचा वळून पाहतो.

त्या हिवाळ्यात असा एक सिनेमा आला. एक जावई सासुरवाडीला येतो, सासरा त्याला स्वयंपाकी समजतो आणि त्याची मुलाखत घेतो. सगळा प्रवेश दोघांनी खुर्चीत बसून केलेला, हालचाल काही नाही. बुधवारी बायका हसून लोळत होत्या. मी तो प्रवेश यांना तीनदा सांगितला. कुठे सासरा चष्मा काढतो, तिथे हसायचं. कुठे जावई पगडी सावरतो, तिथे थांबायचं, कारण पुढचं वाक्य आणखी मोठं आहे. यांनी सगळं पाठ केलं. रविवारी हे निघाले तेव्हा मी दारात उभी होते. नेहमी उभी राहत नसे.

ते परतले तेव्हा सोबत थोरले तारबाबू होते. यांचा चेहरा खुशीत होता. सगळं बरोबर जमलं अशी त्यांची समजूत होती. थोरले तारबाबू ओट्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "सूनबाई, तुमी बी बसा."

मी दाराशी बसले.

"आज टॉकीजात आवाज गेला. तो सासरा अन् जावई बोलत होते न, तवाच. पडद्यावर नुसते मुके चित्रं. सारं पब्लिक बोंबलून रायलं होतं, मी बी पाय आपटून रायलो होतो. अन् हा माणूस माह्या बाजूले बसून हासत होता. बरोबर जिथं हासाचं तिथं हासत होता." त्यांनी पाण्याचा गडवा खाली ठेवला. "मंग हॉटेलात यानं तेच बोलनं म्हनून दाखवलं. लोक म्हने, भाऊ, तुले कसं आयकू आलं? याले तो सवाल बी आयकू गेला नाई. मी म्हटलं, यानं आधीच पाह्यला असंन, अन् सारेयले घरी लावलं. आता मले सांगा."

खोटं सांगता आलं असतं. पण त्यांनी मला विचारलं होतं, यांना नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "बुधवारी पाहून."

"असे किती सांगतले?"

"मला कळल्यापासूनचे सगळे."

मग त्यांच्या मिशा हलल्या. "म्हंजे त्या रडक्या मायची खोड काढली ती तुमी. अन् आमी चौघं जन हॉटेलात तुमच्यासंग भांडून रायलो होतो."

यांनी माझ्याकडे पाहून काय म्हणतात असं विचारलं. मी सवयीने आवाज न काढता ओठांनीच सांगितलं. मध्येच माझ्या लक्षात आलं की थोरले तारबाबू हे पाहत आहेत. त्यांनी मान वळवली आणि रस्त्याकडे पाहत बसले.

यांनी तारेचं त्यांना स्वतःच सांगितलं. बोट कसं ठेवतो, ठोके कसे घेतो. थोरल्या तारबाबूंनी यांच्यासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बाजूचं मशीन जोरात चाललं की टेबल हालते. मंग?"

यांनी दाखवायला पुढे केलेलं बोट मागे घेतलं.

"सिनेमातलं एखादं बोलनं गेलं तं पब्लिक शिट्टी मारते, भाऊ. तारेतलं गेलं तं कोनाले मालूम पडते? कोनाच्या घरी मानूस गेल्याची तार असते." ते उठले, वहाणा घातल्या. "मी कोनाजवळ बोलत नाई. तुमचं तुमी पाहा."

त्या रात्री जेवणं तशीच राहिली. मी म्हटलं, हंगाम संपू द्या, मग ठरवू. इतके दिवस निभावलं, आणखी थोडे दिवस निभेल. त्यांनी तेव्हा मला सांगितलं की मागच्या आठवड्यात टेबल हललं होतं. एक आकडा बोटातून निसटला. पलीकडच्या माणसाकडून तो पुन्हा मागवायचा, तर आधीच दोनदा मागवला होता, तो चिडला असता. म्हणून यांनी अंदाजाने लिहिला. तो अंदाज खरा निघाला की नाही हे कधी कळलं नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते तारघराच्या दाराशी घुटमळत, कोणी तक्रार घेऊन येतं का ते पाहत. मला वाटे ते मित्रांमध्ये रमले.

"हंगाम संपेपर्यंत चूक थांबून राहील का?" ते म्हणाले.

सकाळी ते पोस्टमास्तरांकडे गेले. मी दिवसभर भिंतीपलीकडचे आवाज ऐकत बसले. शेजारणीने विचारलं, बुधवारी येतेस न? मी म्हटलं, आता नाही.

पुढे तपासणी झाली. त्यांना तारेवरून काढलं. नोकरी जाईल ही भीती होती, पण नोकरी राहिली. पगार उतरला आणि अमरावतीला टपालाच्या छाननीवर बदली झाली. तिथे पत्ता डोळ्यांनी वाचायचा आणि पत्र खणात टाकायचं. चांदूर, धामणगाव, मोझरी, ज्याचं त्याच्या खणात. पण पहिले काही महिने ते घरी आले की डाव्या हाताचं बोट टेबलाच्या कडेवर ठेवून बसत. मी ते पाहत असे.

अमरावतीच्या टॉकीजमध्ये वरच्या दर्जाला नवरा-बायकोंना शेजारी बसता येत होतं. पहिल्या दिवशी मी घरून निघण्याआधी त्यांना म्हटलं, कुठून तरी कथा कळली तर सांगून ठेवते. ते म्हणाले, नको. जेवढं दिसेल तेवढं पाहीन. मला फार भीती वाटली. मी त्या दिवशी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहिलं. लोक हसले तेव्हा ते हसले नाहीत, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एका जागी कोणी हसलं नाही तिथे ते हसले.

घरी आल्यावर मी विचारलं, का हसलात? ते म्हणाले, नायक प्रेमाची शपथ घेत होता आणि नायिका त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होती. बहुधा पंखा बंद करा म्हणून कोणाला तरी खूण करत असावी. मी ते पाहिलंच नव्हतं, कारण मी शपथ ऐकत होते.

तेव्हापासून आमच्यात रोज वाद होऊ लागले, आणि ते वाद खरे होते. मी त्यांना बोलणं सांगायची, ते मला चेहरे सांगायचे. एका सिनेमात बाप मुलीला दाराबाहेर काढतो. त्याचं ते भाषण तेव्हा गल्लीतली पोरंसुद्धा म्हणत असत. मला तो बाप क्रूर वाटला. हे म्हणाले, तो पूर्ण वेळ दाराची कडी धरून उभा होता, त्याला दार लावायचंच नव्हतं. मी तो सिनेमा पुन्हा जाऊन पाहिला, कानांत बोटं घालून. कडी त्याच्या हातात होती. एक फार मोठी नटी होती, तिच्या आवाजावर मी फिदा असे. तिला ते चांगली म्हणत नसत. समोरचा बोलतो तेव्हा ती आपल्या पाळीची वाट पाहते, ऐकत नाही, असं त्यांचं मत. ऐकणं दिसतं, असं ते म्हणत. उलट एका विनोदी नटाला सगळे हलका म्हणत, त्याला ते पहिल्या रांगेतला मानत, कारण तो कोणाचंही बोलणं पूर्ण अंगाने ऐके. हे मत मला तेव्हा विक्षिप्त वाटलं होतं. आता तेच माझंही आहे.

भीती मात्र गेली नाही. ती तारघरातून उठून रस्त्यावर आली. मागून येणारी मोटार, सायकलची घंटा, टांगेवाल्याचं ओरडणं, यांना काही कळत नसे. ते घरी यायच्या वेळी मी फाटकाशी उभी राहून लांबच्या वळणाकडे पाहायची. जरा उशीर झाला तर मी मनात त्यांना किती वेळा गाडीखाली घातलं असेल. ती भीती मी जवळजवळ दहा वर्षं सांभाळली. शेवटी ते घरातच गेले, झोपेत, मागच्या श्रावणात. मी जिची काळजी केली ती गोष्ट घडलीच नाही, आणि जी घडली तिची मी कधी काळजी केली नव्हती.

तेराव्यानंतर अकोल्याहून थोरले तारबाबू आले होते. आता फार म्हातारे झाले आहेत. जाताना म्हणाले, "सूनबाई, सिनेमा पाहाचा सोडू नोका." मी बरं म्हटलं.

सिनेमा सोडला नाही. महिन्यातून एकदा जाते. वरच्या दर्जाला एक तिकीट काढते आणि शेवटपर्यंत बसते. बोलणं ऐकू येतं. चेहरे पाहायचे मी विसरते, आणि घरी आल्यावर ते मला सांगायला कोणी नसतं. कोणी विचारलं सिनेमा कसा होता, तर मी बरा होता म्हणते.